वाद कशावरून झाला, हे इंग्रजीत लिहिताना

टॉवेलच्या ऑर्डरवरून परदेशी ग्राहकाशी बिनसलं, की सोलापुरातून जाणाऱ्या मेलमध्ये बहुतेक वेळा एकच साचा असतो: अमक्याच्या ‘बिकॉज ऑफ’ तमका ‘प्रॉब्लेम’ झाला. व्याकरण ठीक, पण वाद केवढा, कोणाशी आणि कोणत्या मुद्द्यावर, हे त्यातून कळत नाही. ते सांगायला इंग्रजीत ठरलेल्या शब्दजोड्या आहेत. त्या सुट्या शब्दांनी नव्हे, जोडीनेच पाठ कराव्यात.

आधी शब्दयोगी अव्यय पक्कं करा. मुद्द्याला ‘ओव्हर’, माणसाला ‘विथ’, दोन पक्षांना ‘बिटवीन’. ‘वी हॅड अ डिसअग्रीमेंट विथ द बायर ओव्हर द प्राइस’ या वाक्यात पहिल्या दोन्ही जागा भरल्या. बोलताना ‘ओव्हर’ऐवजी ‘अबाउट’ही चालतं. क्रियापद मात्र ‘हॅव’च, ‘मेक’ किंवा ‘डू’ लावलं की वाक्य मराठीतून उचलल्यासारखं वाटतं.

कारण आधी सांगायचं तर ‘लीड टू’ सगळ्यात बिनधोक. भूतकाळात त्याच्या स्पेलिंगमधला ‘ए’ गळतो; तो तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला शिसं दिसतं. ‘स्पार्क’ अचानक भडकलेल्या वादाला: उजनीचं पाणी वेळेवर आलं नाही आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले, तर ‘द इरेग्युलर वॉटर सप्लाय स्पार्क्ड अ राउ’. या शब्दाचं स्पेलिंग रांगेच्या ‘रो’सारखंच, पण भांडण म्हणून उच्चार ‘राउ’. तो जास्त करून ब्रिटिश वळणाचा, अमेरिकन ग्राहकाला ‘आर्ग्युमेंट’ लिहावं. ‘फ्युएल’ फक्त आधीच पेटलेल्या वादाला. नव्या वादाला लावलं तर अर्थ फसतो.

वाद आधी आणि कारण नंतर सांगायचं असेल तर ‘स्टेम फ्रॉम’ किंवा ‘अराइज फ्रॉम’. इथे हमखास ‘इज स्टेम्ड फ्रॉम’ लिहिलं जातं. ते चूक, सरळ ‘द डिस्प्यूट स्टेम्स फ्रॉम’. तसाच घोळ नामांचा: ‘कॉज’ला ‘ऑफ’, ‘रीझन’ला ‘फॉर’. क्रियापद म्हणून ‘कॉज’पुढे मात्र काहीच लागत नाही.

आता एक प्रकरण घेऊ. करार 500 जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), टॉवेल 70 बाय 140 सेंटिमीटर, म्हणजे एका नगाचं वजन 490 ग्रॅम हवं. ग्राहकाने तपासलं तर माल 470 जीएसएमचा, नग साधारण 461 ग्रॅमचा. पहिल्याच मेलमध्ये ‘डिस्प्यूट’ लिहू नका, तो शब्द कोर्टकचेरीच्या जवळचा आहे. वजनातल्या तफावतीला ‘डिस्क्रिपन्सी’ म्हणा: ‘देअर इज अ डिस्क्रिपन्सी बिटवीन द अ‍ॅग्रीड वेट अँड द शिप्ड गुड्स’. तारखेचा घोटाळा असेल तर ‘मिसअंडरस्टँडिंग अबाउट द डिलिव्हरी डेट’. बोलणी चालू आहेत आणि गाडी फक्त भरपाईच्या रकमेवर अडली आहे, तेव्हा ‘कॉम्पेन्सेशन रिमेन्स द स्टिकिंग पॉइंट’. ही जोडी वाटाघाटीत रुतलेल्या मुद्द्यालाच शोभते.

‘बोन ऑफ कंटेन्शन’ लोकांना फार आवडतं आणि नको तिथे वापरलं जातं. तो मुद्दा जुना आणि पुन्हा पुन्हा उकरला जाणारा हवा: दोन भावांतली यंत्रमागाच्या शेडची वाटणी, जिन्याखालचं पार्किंग. एकदाच उशिरा आलेल्या पेमेंटला ते लावलं तर हसू येईल. शिवाय हा मान मुद्द्याला मिळतो, माणसाला नाही.

त्या वाटणीने भावांत अंतर पडलं तर ‘द शेड ड्रोव्ह अ वेज बिटवीन द ब्रदर्स’. ही जोडी आधी जवळ असलेल्यांनाच लागते. ग्राहकाशी संबंध बिघडले असतील तर ‘साउर’ बरं: ‘रिपीटेड डिलेज साउअर्ड अवर रिलेशनशिप विथ द बायर’. हे वाक्य आपल्या ऑफिसात बॉसला लिहायचं, ग्राहकाला नाही.