मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टँकमधला नवा मासा का दगावतो? या चुका टाळा

नवा मासा मेला की आधी दुकानदारावर राग निघतो. त्याआधी एवढं आठवा: मासा आणल्यावर किती वेळाने मेला? कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

काही तासांतच मेला असेल तर पिशवीपासून सुरुवात करा. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि त्याच पाण्याचं विष होतं. बाहेरगावाहून रात्रभर प्रवास करून आलेला मासा उघड्या पिशवीत ठेवून तासभर त्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत बसणं म्हणूनच जिवावर बेततं. हा सल्ला सगळीकडे सरसकट दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ते चालतं.

दुसरी गोष्ट खारटपणाची. तो विशिष्ट गुरुत्वाच्या आकड्यात मोजतात: आकडा मोठा तेवढं पाणी खारट. बरीच दुकानं पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात, आपला टँक असतो १.०२५ ला. टँकच्या जास्त खाऱ्या पाण्यात एकदम सोडलेल्या माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. दुकानातला आकडा आधीच विचारून घ्या आणि वेगळ्या छोट्या टँकमध्ये तेवढंच खारं पाणी तयार ठेवा. बंद पिशवी त्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग उघडून लगेच फक्त मासा आत सोडा. खारटपणा पुढच्या काही दिवसांत हळूहळू वाढवा.

दोन-चार दिवसांनी मेला, तर टँकच्या पाण्यातला अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य हवेत. नव्या टँकमध्ये ही विषं पचवणारे जिवाणू बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात; पाणी काचेसारखं दिसलं तरी घाई नको.

आठवड्याभरानंतर धापा टाकत, अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसत मेला असेल, तर बहुधा वेल्व्हेट हा परजीवीचा रोग. ठळक पांढरे ठिपके असतील तर मरीन इक, हाही परजीवीचाच रोग. तांब्याचं औषध त्याच वेगळ्या टँकमध्ये, टेस्ट किटने मोजत द्या. मुख्य टँकमध्ये ओतलंत तर कोळंबी आणि कोरल मरतील. निदान चार आठवडे तरी नवा मासा वेगळ्या टँकमध्येच राहू दे.

उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ मागे राहतं. भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. मासा खात नसेल तर घेऊ नका.