पाचशे लिंका आणि एक आंब्याची पेटी

एसईओ, म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणायचं काम, शिकताना पहिल्याच दिवशी डोक्यात भरवलं होतं: दुसऱ्याच्या साइटवरून आलेली लिंक म्हणजे मत. ते खोटं नाही. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये जे काम सुरू केलं आणि ज्याचं पुढे गूगल झालं, त्याचं पहिलं नावच 'बॅकरब' होतं, बॅकलिंकांवरून (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंका) पडलेलं. पण पेजरँकमध्ये, म्हणजे त्यांच्या लिंका मोजायच्या पद्धतीत, मत देणाऱ्याचं वजनही मोजलं जातं. तेवढं मी सोयीस्कर विसरलो.

कोकणातल्या एका होमस्टेचं काम मिळालं. एकाकडून चार हजारांत पाचशे बॅकलिंका घेतल्या. आलेल्या एक्सेल शीटमध्ये अँकर टेक्स्टचा (ज्या शब्दांवर लिंक असते ते शब्द) रकाना वरपासून खालपर्यंत एकच: 'स्वस्त होमस्टे कोकण'. पाचशे जणांना एकच वाक्य सुचेल का, हा प्रश्न मला पडला नाही. गूगलनं अशा बनावट लिंकांना आळा घालायला २०१२ मध्येच पेंग्विन अपडेट आणलं होतं, तेही वाचलं नव्हतं. नंबर वर गेला, मालकांनी हापूसची पेटी पाठवली. पेटी संपायच्या आत सर्च कन्सोलमध्ये (गूगल साइटमालकांना जिथे कळवतं तिथे) मॅन्युअल ॲक्शन, म्हणजे गूगलच्या माणसानं तपासून केलेली कारवाई.

पुढचे दोन महिने निस्तरण्यात गेले. साइटवाल्यांना मेल केले, तर काहींनी लिंक काढायचेही पैसे मागितले! उरलेली डोमेन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक, अशी लिहून डिसअव्हाऊ केली, म्हणजे 'या लिंका धरू नका' असं गूगलला कळवलं, आणि पुनर्विचाराचा अर्ज टाकला. (कारवाई झालेली नसताना हे हत्यार उगाच चालवू नका, चांगल्या लिंकाही कापल्या जातात.)

नंतर मालकांशेजारी बसून एक पान लिहिलं: कशेळी-उक्षीची कातळशिल्पं बघायला कसं जायचं, गाडी कुठे लावायची, दुपारी का जाऊ नये. वर्षभरात लिंका आल्या तीन. त्यातली एक ट्रेकर मंडळींच्या साइटवरून, तीही नोफॉलो, म्हणजे 'हे मत मोजू नका' अशी खूण असलेली. नोफॉलोला २०१९ पासून गूगल आदेश न मानता इशारा मानतं, त्यामुळे अगदीच वाया म्हणता येत नाही. इंटरव्ह्यूत 'डीए किती?' विचारतील. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटच्या वजनाचा अंदाज; तो आकडा मॉझ कंपनीचा, गूगलचा नव्हे. सांगा, पण हसू नका.

"तीनच?" मालक म्हणाले. यंदा त्या ट्रेकरवाल्या लिंकवरून एका कुटुंबाचा फोन आला. भाडं नंतर विचारलं. आधी विचारलं, कातळावर चपला चालतील का.