सोलर पंप घेताय? आधी त्याचं गाव शोधा

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षं झाली, लोकांच्या जळालेल्या मोटरी भरतोय. हल्ली आठवड्यातून दोन-तीन कास्तकार तरी विचारतातच, "भाऊ, सोलर घेतला म्हणजे डिझलची कटकट गेली ना?" डिझेलची गेली. पण पंप कुठून आला, कोणाच्या भरवशावर चालणार, हे पाहून घेतलं नाही तर दुसरी कटकट दारात येते. ते कसं पाहायचं ते सांगतो.

आधी जुन्या इंजनचा हिशेब करा. पाच एचपीचं इंजन तासाला लिटरभर डिझेल पितं. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. जगात खपणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा इराणला लागून असलेल्या होर्मुझच्या चिंचोळ्या समुद्रातून जातो. २०२५च्या जूनमध्ये इस्राएल-इराण जुंपली तेव्हा सगळ्यांची नजर तिथेच होती. १९७३ साली अरब देशांनी हात आखडला आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. तेलाचा पुरवठा रोज लागतो, म्हणून ज्याच्या हातात नळ त्याचा रोज धाक.

पॅनेलचं तसं नाही. ते एकदा धुऱ्यावर उभं राहिलं की उद्या चीनने माल पाठवणं बंद केलं तरी तुमचा पंप पाणी फेकतच राहील. धाक उरतो तो फक्त सुट्या भागांचा. म्हणून पंप घेताना तीन वस्तूंचं गाव शोधायचं: पॅनेल, मोटर आणि कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला जुळवून देणारा डबा.

पॅनेलचं सोपं आहे. मागच्या बाजूला स्टिकर असतं, त्यावर कंपनी, वॅट आणि सिरियल नंबर. फोटो काढून ठेवा. वॅटची बेरीज करा. सरकारी मापानं ३ एचपीला ३,०००, ५ एचपीला ४,८०० आणि साडेसातला ६,७५० वॅट यायला पाहिजेत. कमी भरले तर पावतीवर सही करू नका. स्टिकरवर भारतीय कंपनीचं नाव असेल, कारण १ एप्रिल २०२२ ला बाहेरच्या पॅनेलवर ४० टक्के आणि त्याच्या आतल्या सेलवर २५ टक्के आयात शुल्क लागलं, आणि केंद्राच्या सोलर पंपाच्या कुसुम योजनेत देशी मालाची अट आहे. पण सेल ज्या सिलिकॉनच्या चकतीवर बनतो ती बहुतेक चीनचीच. सिलिकॉनपासून पॅनेलपर्यंत प्रत्येक पायरीवर त्यांचा जगातला वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. गिरणी आपली, ज्वारी दुसऱ्याची. तरी पॅनेलची फार काळजी करू नका, ते सहसा बिघडत नाही.

खरं पाहायचं ते मोटरमध्ये. सोलर पंपात दोन जाती येतात. एक आपली नेहमीची एसी इंडक्शन मोटर, दुसरी चुंबकवाली, जिला लोक डीसी म्हणतात. ओळखायची कशी? मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी, कंट्रोलरला जोडलेली नसताना आणि पंपाचा भाग बसवलेला नसताना, शाफ्ट हातानं फिरवा. मग तिच्या तिन्ही वायरींची उघडी टोकं एकत्र पिळून पुन्हा फिरवा. चुंबकवाली असेल तर शाफ्ट चिखलात रुतल्यासारखा जड होतो. वायरी सुट्या केल्या की पुन्हा हलका. इंडक्शन मोटरला काही फरक पडत नाही. हे फिटरच्या समोरच करा, त्याला राग आला तरी चालेल.

चुंबकवाली मोटर कमी उन्हात जास्त पाणी देते, हे मी मान्य करतो. सकाळी आठ-साडेआठलाच धार धरते. पण आतल्या चुंबकात बहुधा रेअर अर्थ नावाची खनिजं असतात, आणि ती शुद्ध करण्याचं जगातलं बहुतेक काम चीनमध्ये होतं. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने त्यातल्या सात खनिजांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला, तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांची तारांबळ उडाली. केरळ-ओडिशाच्या वाळूत ही खनिजं आपलीही आहेत, पण वाळूपासून चुंबकापर्यंतची मधली विद्या कमी पडते. इंडक्शन मोटर जळाली तर मी दोन दिवसांत भरून देतो. अर्थात तांबं बहुतेक परदेशाचंच. २०१८ मध्ये तुतिकोरीनचा मोठा कारखाना बंद पडल्यापासून देश तांबं विकणारा होता तो घेणारा झाला. किलोचा भाव सांगताना मलाच लाज वाटते.

कंट्रोलरची गोष्ट माझ्याच वावरातली आहे. जुलैत पावसानं दडी मारली, पऱ्हाटी (कपाशी) मान टाकायला लागली आणि त्याच आठवड्यात डबा बंद. कंपनीचा माणूस म्हणाला, "आतलं सर्किटचं कार्ड बाहेरून येते, थांबा लागन." थांबलो अडतीस दिवस. गॅरंटी होती, पैसा लागला नाही, पण पऱ्हाटीला गॅरंटी कळत नाही. म्हणून राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपला दहा टक्के हिस्सा (अनुसूचित जाती-जमातींना पाच) भरल्यावर कंपनी निवडायची पाळी येते, तेव्हा जाहिरात पाहू नका. शेजारच्या दोन-तीन गावांत त्याच कंपनीचे पंप कुठे आहेत ते विचारा, तिथे जा, कार्ड गेलं तर किती दिवसांत आलं ते विचारा. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेसाठी वीज-अटकाव लावून घेतल्याशिवाय फिटरला चहा पाजू नका.

जुनं इंजन भंगारात देऊ नका. मी ते दिलं नव्हतं, म्हणून त्या अडतीस दिवसांत अर्धं वावर वाचलं. पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं सुरू करायचं, बस.

आता कोळशाचं. आमच्याकडे हा प्रश्न येतोच, कारण वणीच्या आसपास खाणी आहेत आणि चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र उभं आहे. तेल सोडताना आपण परक्याची वस्तू सोडतो, कोळसा सोडताना मात्र घरची. त्यात इथल्या पोरांच्या नोकऱ्या, टिप्परवाले, चहाटपऱ्या सगळं आलं. म्हणून मी दिल्लीच्या २०७०च्या नेट झीरोचं (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा शोषून हिशेब शून्यावर आणायचा) ऐकतो, पण सोलर घे म्हणून खाणीतल्या माणसाच्या मागे लागत नाही. त्याचं वावर असेल तर गोष्ट वेगळी.

आणि खाणीजवळ वावर असेल तर एक जास्तीचं काम. दर आठ दिवसांनी पॅनेल धुवायचे. सकाळी, काच थंड असताना. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. साबण नको, मऊ फडकं आणि साधं पाणी. पहिल्या बादलीचं पाणी खाली येतं तेव्हा काळं असतं.