भाड्याचं घर बघायला जाताना खिशात चार्जर ठेवा

वन बीएचके दहा मिनिटांत बघून होतो आणि बंद पडलेले प्लग पॉइंट सामान लागल्यावर, पलंगामागे सापडतात. म्हणून मोबाइलचा चार्जर सोबत न्यायचा.

१. प्रत्येक पॉइंटला लावून बघा, ओट्याजवळचे आधी.
२. किचन आणि बाथरूमचे नळ एकदम सोडा, वर फ्लशही करा. धार करंगळीएवढी झाली तर सकाळची घाई कशी जाणार ते कळलंच.
३. बेडरूमचं दार लावून कुणालातरी फोन करा. रेंज खिडकीपाशी फुल आणि कपाटाजवळ गायब, असं फार होतं.

घरमालक ‘करून देतो’ म्हणाले, की पैसे देण्याआधी तेवढं मेसेजवर लिहून घ्या.

फक्त, चार्जर चालला म्हणजे गीझरचा पॉइंटही ठीक असं समजू नका. तो गीझर चालू करूनच तपासा.