‘अ ख्रिसमस कॅरल’ जॅझच्या साथीने रंगमंचावर कशी सांगावी

इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सची ही गोष्ट १८४३ची: कंजूष स्क्रूजला नाताळच्या आदल्या रात्री मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत भेटतं, मग आणखी तीन भुतं येतात आणि तो सुधारतो. कॉपीराइट केव्हाच संपलेला. त्यामुळे कात्री बिनधास्त चालवा. १८५३मध्ये बर्मिंगहॅमला डिकन्सने स्वतः ती वाचली तेव्हा तीन तास लागले होते. तुम्ही पन्नास मिनिटांपुढे जाऊ नका. पुस्तकात पाच प्रकरणं आहेत, प्रत्येकाला एक लय ठरवून टाका.

साथीला पियानो, डबल बेस आणि ड्रम्स पुरे. सॅक्सोफोन निवेदकाच्याच पट्टीत बोलतो, म्हणून तो मोकळ्या जागांपुरताच. ड्रम्सवर काठ्या नकोत, तारांचे ब्रशच हवेत. झांजांवर काठी पडत राहिली की स, श, त ही अक्षरं गिळली जातात.

खरी अडचण शब्द लयीत बसवण्याची. ठेका सुरू झाला की जीभ आपोआप मात्रेवर आपटायला लागते आणि गोष्टीचं बडबडगीत होतं. यमकं जुळवणं तर साफ चूक. बोलणं बोलण्यासारखंच ठेवा, श्वासाच्या जागा मात्र मोजून ठरवा. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत बारा बारचा ब्लूज (चार मात्रांचा एक बार, अशा बारा बारांची फिरत राहणारी चाल) बरोबर तीस सेकंदांत संपतो. त्याचे चार-चार बारचे तीन तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यात पहिली मात्रा बेसला द्या, दुसरीपासून बोला, अडीच बारांत थांबा, उरलेली जागा पियानोच्या उत्तराला सोडा. ब्लूज गाणारेही असंच गातात. एका फेरीत साधारण चाळीस मराठी शब्द मावतात. साठ कोंबलेत की धावपळ झालीच.

प्रेक्षक हसले आणि तुम्ही मागे पडलात, तर वेग वाढवून गाठायला जाऊ नका. वादकही तुमच्यामागे धावतील आणि पुढची दहा मिनिटं लय हाती लागणार नाही. गप्प राहा, पुढच्या फेरीच्या पहिल्या बारवर या. जिथे वेळेचा भरवसा नाही तिथे पियानोने दोनच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) फिरवत राहावं आणि ठरलेल्या शब्दावर पुढे सरकावं. कीर्तनात बुवा निरूपणातून पदावर येतात तेव्हा तबलजी असाच टपून असतो. हा इशाऱ्याचा शब्द त्या उताऱ्यात एकदाच यायला हवा. ‘मार्ले’ हा शब्द ठरवलात आणि तो तीनदा आला, तर ड्रमर पहिल्यालाच उठणार.

मार्लेच्या भुताच्या साखळीला किल्ल्या, कुलुपं, गल्ले, हिशेबाच्या वह्या लटकलेल्या असतात. खरी साखळी खुळखुळवू नका, पायाने मिटवलेल्या हाय-हॅटचा, म्हणजे ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीचा, कोरडा आवाज पुरतो. मार्लेनंतरच्या तिघांतलं तिसरं भूत एक अक्षर बोलत नाही, नुसतं बोट दाखवतं. तिथे ड्रम्स बंद, बेसवर गजाने एकच लांब स्वर. स्क्रूजला थडग्यावर स्वतःचं नाव दिसतं तिथे तोही थांबवा.

मग नाताळची सकाळ: चार मात्रा मोजून १६०च्या लयीत सगळे एकदम, आणि निवेदकाची वाक्यं चार-पाच शब्दांची.

स्क्रूजच्या कारकुनाचा आजारी मुलगा टायनी टिम, त्याच्या शेवटच्या आशीर्वादानंतर कुणाचाही सोलो ठेवू नका. एक कॉर्ड, दिवे बंद.