पी५३ची स्लाइड: कोरी दिसली म्हणून निगेटिव्ह लिहू नका

कर्वे रोडच्या आमच्या लॅबमध्ये नवा रेसिडेंट पी५३ची स्लाइड बघतो आणि लगेच म्हणतो, "मॅडम, पॉझिटिव्ह." पी५३ हे पेशींना कॅन्सरपासून राखणारं प्रथिन; स्टेन केल्यावर ते जिथे असेल तिथे तपकिरी रंग येतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे शब्द इथे वापरायचेच नाहीत. रंगाचा पॅटर्न वाइल्ड-टाइप (जनुक धड) आहे की म्युटंट (जनुक बिघडलेलं), ते लिहा.

आधी ट्यूमर सोडून आजूबाजूला बघा. स्ट्रोमातल्या, म्हणजे ट्यूमरभोवतीच्या आधार-ऊतकातल्या पेशी आणि लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) यांच्या केंद्रकांत अधूनमधून फिकट तपकिरी रंग दिसलाच पाहिजे. नसेल तर स्टेन फसलाय; ट्यूमरबद्दल अवाक्षर न काढता स्लाइड पुन्हा करून घ्या. बाहेरगावचे मोठे नमुने कधीकधी न कापताच ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले असतात. आतपर्यंत फॉर्मॅलिन पोचत नाही आणि मधला भाग असाच दगा देतो.

आता ट्यूमर. काही केंद्रकं गडद, काही फिकट, काही कोरी, अशी सरमिसळ असेल तर वाइल्ड-टाइप. धड पी५३ला एमडीएम२ हे दुसरं प्रथिन सतत मोडीत काढतं, म्हणून ते बेताचंच दिसतं.

८० टक्के किंवा जास्त केंद्रकं एकजात गडद असतील, तर बहुधा मिसेन्स म्युटेशन. ३९३ अमिनो आम्लांपैकी एकच बदललेलं असतं, पण प्रथिन मोडलं न जाता साठत राहतं. १७५व्या जागच्या नेहमीच्या बदलाने त्याची घडी बिघडते. २७३व्या जागी बदल झाला तर घडी बरीचशी शाबूत राहते, पण डीएनएवरची पकड जाते. स्लाइडवर दोन्ही सारखेच तपकिरी! शिवाय पी५३चे चार रेणू चौकडीने काम करतात. पालखीचा एक भोई अडखळला की बाकीच्यांचीही चाल बिघडते, तसं बिघडलेलं प्रथिन चौकडीतल्या धड प्रथिनांनाही निकामी करतं. १९७९मध्ये सापडल्यावर दहाएक वर्षं पी५३ कॅन्सर घडवणारं मानलं गेलं, कारण प्रयोगांत वापरलेली जनुकं म्युटंट होती.

लिम्फोसाइट रंगलेत आणि ट्यूमर पूर्ण कोरा? हासुद्धा म्युटंट पॅटर्नच. नॉनसेन्स किंवा फ्रेमशिफ्ट बदलामुळे (यांत प्रथिन अर्धवट राहतं), नाहीतर जनुकच गळाल्यामुळे, प्रथिन दिसतच नाही. नवखे सगळ्यात जास्त इथेच घसरतात. केंद्रकाऐवजी सायटोप्लाझ्म रंगलेला क्वचित दिसतो, तोही म्युटंटच.

अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा या आक्रमक कॅन्सरात ९५ टक्क्यांहून अधिक वेळा टीपी५३, म्हणजे पी५३चं जनुक, बिघडलेलं असतं. तिथे वाइल्ड-टाइप दिसला तर निदान पुन्हा तपासा. काही म्युटेशन स्टेनमध्ये लपतात, तेव्हा सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं वाचणं) लागतं. त्यासाठी मेणाच्या ब्लॉकमध्ये ऊतक शिल्लक ठेवा. हौसेने दहा मार्कर (इतर स्टेन) मागवून ते संपवू नका.