एसटीने फणसाडला : निवृत्तीनंतर दोघांनी जंगल कसं पाहावं

जंगल म्हणजे तरुणांचं काम, असं म्हणून बरीच जोडपी अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावरूनच परत फिरतात. मला याची फार हळहळ वाटते. रायगड जिल्ह्यातल्या मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. इथे खूप चालणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला जास्त दिसतं, आणि ते आपल्या वयाला छान जमतं.

आधी महिना ठरवा. पावसाळा टाळा; वाटा निसरड्या असतात आणि गुडघ्यांचे हाल होतात. डिसेंबर-जानेवारीत हवा सुखाची असते. उन्हाळ्यात पाणी आटलं की जनावरं पाणवठ्यावर येतात, पण मे महिन्यातला कोकणातला घाम साठीनंतर सोसत नाही. दोन्ही साधायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात गाठा.

मग तिकीट. पासष्ट पूर्ण झालेल्यांना एसटीत अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच वयाच्या बायकांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. प्रवास मोफत असला तरी कंडक्टरकडून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्या. जागा मधल्या रांगांत धरा, मागच्या बाकावर पाठीला हादरे बसतात. औषधं, पाणी आणि बिस्किटं मांडीवरच्या पिशवीत असू द्या. बॅग वर गेली की चालत्या गाडीत ती काढणं होत नाही.

अलिबागहून मुरूडची गाडी रेवदंडा, कोर्लई, काशीद करत किनाऱ्याने जाते. मुक्काम मुरूडला करा. घरगुती राहण्या-जेवण्याची सोय मिळते, तांदळाची भाकरी आणि सोलकढी पोटाला हलकी पडते. अभयारण्याचं प्रवेशद्वार सुपेगावला आहे. तिकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून स्टँडवरच्या चौकशी खिडकीत आदल्या संध्याकाळी जायची आणि परतीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या. वेळ जुळत नसेल तर सरळ रिक्षा ठरवा, आणि परत न्यायला किती वाजता यायचं तेही तेव्हाच बोलून घ्या. आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

सकाळी लवकर गेटवर पोहोचा. प्रवेशाची पावती फाडा आणि गावातला वाटाड्या नक्की घ्या. त्याला पहिल्यांदाच सांगा, "दादा, आम्हाला फार चालवू नका, एखाद्या गाणीवर बसवा." इथे पाणवठ्याला गाण म्हणतात, फणसाडची गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं आहेत. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे घाला. गवतात गोचिडी असतात, म्हणून पँटचे पाय मोज्यांत खोचा. अत्तर, सुवासिक पावडर नको. एकदा बसलात की निदान तासभर हलू नका, कुजबूजसुद्धा नको. नवऱ्याला काही दाखवायचं असेल तर हाताला हलकं दाबा. भेकर किंवा सांबर आलं तर नशीब. बिबट्या आहे, पण त्याची आशा धरून जाऊ नका.

शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, मात्र दिसायची चांगली शक्यता असते. आपला हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून मान वर करायला हवी. आधी उंच फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा गोळा शोधा, ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, तेव्हा रिकामं दिसलं म्हणून निघून जाऊ नका. झाडाखाली कुरतडलेल्या फळांची ताजी टरफलं पडलेली दिसली तर तिथेच थांबा. वरून खडखडाट ऐकू येतो, पानं हलतात, आणि तांबूस-तपकिरी अंगामागून लांब झुपकेदार शेपूट लोंबताना दिसतं. दुर्बीण आधीच गळ्यात हवी, पिशवीतून काढेपर्यंत ते दुसऱ्या झाडावर गेलेलं असतं.

परतताना वाटाड्याला गारंबीची वेल दाखवायला सांगा. हातभराहून लांब शेंग असते तिची. शेंग तोडू नका, पडलेली उचलूही नका. अभयारण्यातलं काहीच बाहेर न्यायचं नसतं. दुपारी जेवून झोप काढा, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखत नसेल तर सकाळी त्याच गाणीवर पुन्हा जाऊन बसा.